वजनाची वही

वहीच्या पहिल्या पानावर तारीख नाही, घाईत राहून गेली. नुसतं लिहिलंय : '२१५ ग्रॅम. डोळे चिकटलेले. अंग गार.'

आषाढातले दिवस होते. साताऱ्यात सकाळपासून झड लागली होती आणि अजिंक्यतारा दिवसभर ढगात होता. दिवेलागणीला शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, शर्टाचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरून. "काकू, हे जिवंत आहे का बघा ना." आमच्या बोळात एक जुना वाडा पाडायला काढलाय, तिथल्या कौलांच्या ढिगाऱ्यात त्याला ते सापडलं होतं. आधीचे दोन दिवस एक करडी भाटी तिथून पिल्लं हलवताना आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती. मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. तिच्या तोंडात मानेला लोंबकळत गेलेली तिघं कुठल्या घरी पोचली कोण जाणे. हे चौथं मागे राहिलं. दुबळं पिल्लू टाकून जाणाऱ्या मांजरीला लोक निर्दय म्हणतात, पण मला कधीच तसं म्हणवलं नाही. भर पावसात तीन पिल्लं कोरडी ठेवायची तर चौथ्यासाठी तिच्या अंगात किती बळ उरलं असेल?

हातात घेतलं तर ओला पायमोजा घेतल्यासारखं वाटलं. डोळे पिवळ्या चिकानं घट्ट मिटलेले, नाकपुड्यांवर खपली, आणि श्वासागणिक आत कुठेतरी बारीक खरखर. त्यानं तोंड उघडलं. आत गुलाबी दिसायला हवं होतं तिथे जवळजवळ पांढरं होतं. ओरडण्यासाठी उघडलेल्या त्या तोंडातून आवाज आलाच नाही.

मी दूध कोमट करायला धावले. आईनं खाटेवरूनच थांबवलं. "आधी ऊब दे. गारठलेल्या जिवाला दूध पचत नाही." आईला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं. दादा सातव्या महिन्यात झाला तेव्हा घरात शेगडी पेटवून, कापसात गुंडाळून तिनं त्याला जगवला होता. दूध पाजलं ते कापडाच्या बोळ्यानं, थेंब थेंब. 'मी काय बोळ्यानं दूध पितो?' असं आपण तोऱ्यात विचारतो ना, तो बोळा आईच्या बोटांना आठ आठवडे ठाऊक होता. मी गरम पाण्याची पिशवी जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळली आणि खोक्याच्या निम्म्या भागात ठेवली. निम्म्याच, कारण फार उकडलं तर सरकायला गार जागा हवी. तासाभरानं पंजे कोमट लागले. मग बोटावर जरासं साखरेचं पाणी घेऊन हिरडीला लावलं. जिभेचं टोक बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

त्याच रात्री आईनं कपाटातली तापाच्या औषधाची बाटली काढून दिली होती, नातवंडांसाठी ठेवलेली. मी झाकणही उघडलं होतं. उद्या डॉक्टरांनाच विचारू म्हणून परत लावलं. त्या क्षणाची आठवण झाली की आजही माझे हात गार पडतात. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आपलं यकृत ते ज्या वाटेनं निकामी करतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच.

सकाळी जनावरांच्या दवाखान्यात गेले. पुढे एक जर्सी गाय, मागे दोन शेळ्या आणि माझ्या पदराखाली खोकं. डॉक्टर नुकतेच एका म्हशीची तपासणी करून हात धुत होते, अगदी कोपराच्या वरपर्यंत. त्याच हातांनी त्यांनी पिल्लाचा ओठ करंगळीनं वर उचलला. "दात फुटायला लागलेत. तीन आठवड्यांचं आहे. तीनशे ग्रॅम तरी हवं होतं, ताई." मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला. अंगातलं पाणी आटलं की असं होतं. मग शेपूट उचलून पाहिलं आणि म्हणाले, "मादी आहे." तेवढ्यानं 'ते' गेलं आणि 'ती' आली. मराठीत पिल्लू नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे जरा लांबचं वाटतं. 'ती' म्हटल्यावर तो लांबपणा राहिला नाही.

मांजरांची सर्दी आपल्या सर्दीसारखी चार दिवसांत निघून जाणारी नसते. बहुतेक वेळा तिच्यामागे दोनपैकी एक विषाणू असतो, हर्पिसचा नाहीतर कॅलिसीचा. प्रतिजैविकानं विषाणू मरत नाहीत. ते द्यायचं ते त्यांच्या मागून घुसणाऱ्या जिवाणूंसाठी. विषाणूशी तिचं तिलाच लढायचं होतं. आपण फक्त तिला लढण्याइतकी जिवंत ठेवायची, असं डॉक्टर म्हणाले. खांद्यांच्या मधे कातडीखाली त्यांनी सलाईन दिलं. तिथे बोराएवढा फुगवटा आला आणि दुपारपर्यंत तो अंगात जिरूनही गेला. "रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहून ठेवा," त्यांनी सांगितलं. "वजन खोटं बोलत नाही."

म्हणून वही आली. दिवाळीत भाजणीचं धान्य मोजायचा काटा फडताळातून निघाला. त्यावर स्टीलची वाटी, वाटीत फडकं, फडक्यात ती. २१५, २०९, २११.

रात्र दर तीन तासांच्या तुकड्यांत वाटली गेली. गाईच्या दुधानं पिल्लांना हगवण लागते, म्हणून मांजरांसाठी मिळते ती दुधाची पावडर आणलेली. ती मनगटावर थेंब टाकून पाहावा इतकीच कोमट करायची आणि बिनसुईच्या एक मिलीच्या सिरिंजमध्ये भरायची. आपण बाळाला मांडीवर उताणं घेऊन पाजतो, तसं इथे चालत नाही. पिल्लू पोटावरच हवं, मान किंचित वर. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात उतरतं. दूध झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन पोटाखाली हलके फिरवायचा, मगच ती लघवी करणार. एरवी हे काम आईची जीभ करते. मग डोळे. मिठाच्या कोमट पाण्यात बुडवलेला कापूस पापणीवर धरून ठेवायचा, ओढायचं नाही, वाट बघायची. मिनिटभरात खपली आपोआप कापसाला लागून येते. नंतर मलम. शेवटी न्हाणीघराचं दार लावून, बंबातल्या कढत पाण्याची बादली पुढ्यात घेऊन तिला छातीशी धरून दहा मिनिटं वाफेत बसायचं. तेवढ्या वेळात माझ्या केसांतून पाणी गळायला लागायचं आणि तिच्या नाकातली खरखर सुटायची.

त्या वाफेत मला कीर्तनात ऐकलेले दोन न्याय आठवायचे. वानराचं पिल्लू आईला स्वतः धरून राहतं, तो मर्कटन्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारन्याय. भक्तानं देवाला धरायचं की देवानं भक्ताला, यावरून दक्षिणेत श्रीवैष्णवांचे वडकलै आणि तेंकलै असे दोन पंथ झाले. दृष्टांत रचणाऱ्यानं मांजरं नीट पाहिली होती. आईनं मान धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन खरंच निश्चल होतं. पण टाकलेलं पिल्लू त्यानं पाहिलं होतं का, असं मला वाटत राही. माझ्या ब्लाउजच्या काठात तिनं पुढच्या दोन्ही पंज्यांची नखं रुतवलेली असायची. तांदळाच्या कणीएवढी, पारदर्शक, अजून आत ओढून घेता न येणारी नखं. खोक्यात ठेवायची वेळ आली की मला ती एकेक सोडवावी लागायची.

चौथ्या दिवशी २०३ आणि पाचव्या दिवशी १९८ भरलं.

त्या रात्री ती दूध गिळेना. सिरिंजमधला थेंब ओठांच्या कोपऱ्यातून परत येई. अकराच्या सुमारास मी तिला गळ्याशी घेऊन बसले होते तेव्हा तिच्या अंगात घुरघुर सुरू झाली. पहिल्यांदाच. मला वाटलं, बरं वाटतंय तिला. आईला हाक मारून सांगितलंही. मांजर दुखण्यातही घुरघुरतं, अगदी शेवटच्या घटकेलाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्या रात्री ते माहीत नव्हतं, हे बरंच झालं. त्या आवाजाच्या भरवशावर मी पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासानं दोन दोन थेंब हिरडीला लावत राहिले.

केव्हातरी आई काठी टेकत आली. खोक्याशेजारी वही उघडी पडली होती, वर पेन. "आज पाचवा दिवस ना?" ती म्हणाली. "सटवाईला कोरं पान ठेवलंयस होय?" बाळ झालं की पाचवीला पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई रात्री येऊन कपाळावरचं लिहून जावी म्हणून. आम्ही एखाद्याचं दुखणं पाचवीलाच पुजलंय म्हणतो ते त्यावरूनच. सटवाई म्हणजे षष्ठी, आणि षष्ठीचं वाहन मांजर. बंगालात तिची मूर्तीच मांजरावर बसलेली असते. लेकुरवाळ्यांची ही देवी कुठल्या रात्री कुणाच्या घरी निघते, आणि तिचं वाहन घरी आजारी असेल तर ती कशी निघते, असलं काहीतरी मी आईशी बोलत होते. आई माळकरी. पाठ टेकवत नाही तरी हरिपाठ चुकवत नाही. ती खोक्याजवळ खुर्ची ओढून बसली, तुळशीची माळ बोटांत घेऊन. तिचे ओठ हलत होते. साडेचारला कधीतरी मला डुलकी लागली असावी.

जाग आली ती आवाजानं. घशात अडकलेला, चिरका, रागावलेला आवाज. पिशवीतलं पाणी गार झालं होतं आणि तिला ते सहन होत नव्हतं. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच ओरडली होती.

२०१. खाली आईच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय : 'ओरडली'.

पुढचे दिवस भराभर गेले. २०८, २१६, २२९. डावा डोळा उघडला, निळसर. या वयात सगळ्यांचेच निळे असतात, खरा रंग पुढे येतो. उजवा चार दिवस मागून उघडला, पण त्यात फूल पडलेलं. ते पुसट होईल, जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हर्पिस असेल तर तोही तिच्या मज्जातंतूंमध्ये जन्मभर दडून राहील, थकवा किंवा भीती वाटली की पुन्हा शिंका घेऊन वर येईल. हे ऐकून मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण डावा डोळा माझ्याकडे बघत होता.

एक अडचण मात्र वेगळीच आली. दूध सुटायचं वय झालं, दात आले, आणि ती बशीतल्या कशालाही तोंड लावेना. मांजर वास आल्याशिवाय खात नाही आणि तिचं नाक अजून बंद. काहीतरी उग्र वासाचं हवं, बिनमिठाचे उकडलेले मासे चालतील, असा सल्ला मिळाला. आमच्या घरात आजवर अंडंही आलेलं नाही. मी आईपुढे विषय काढायला दोन दिवस घेतले. तिनं माझं पूर्ण ऐकून घेतलं. "अगं, माळ माझ्या गळ्यात आहे. तिच्या नाही." मग म्हणाली, मागच्या पडवीत जुनी शेगडी आहे, ती घे. पातेलं मात्र वेगळं ठेव. शेजारच्या वहिनींनी मासे साफ करून, काटे काढून दिले. आमच्या पडवीत पहिल्यांदाच तो वास उठला. आई तुळशीपाशी जाऊन बसली, पण दार लावलं नाही.

बोटावर घेतलेला कण मी तिच्या नाकाला लावला. ती मागे सरकली. शिंकली. मग जिभेनं नाक चाटलं आणि थांबली. डावा डोळा मोठा झाला. पुढच्या क्षणी माझं बोट दातांत होतं. खाताना ती गुरगुरत होती, आपल्या मुठीएवढ्या अख्ख्या देहानं, कुणी हिसकावून घेईल म्हणून.

खाऊन झाल्यावर ती फरशीवर बसली. उजवा पंजा उचलला, त्याकडे पाहिलं आणि चाटला. तो कानावरून फिरवायला गेली तर तोल जाऊन कलंडली. उठली, पुन्हा चाटला. आजारी मांजर आधी स्वतःला स्वच्छ ठेवणं सोडून देतं. कापसानं पुसून पुसून मी तिला नीट ठेवत आले होते, आणि आता ती मी पुसलेली जागा पुन्हा स्वतः पुसत होती. मी आईला हाक मारली. आम्ही दोघी उंबऱ्यात बसून बघत राहिलो. भाताच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

वही श्रावणापर्यंत चालली. २९०, ३४२, ३८८. शेवटच्या पानावर तारीख आहे, वेळ आहे, आणि वजनाच्या रकान्यात आधी '४०' लिहून पुढे काहीच नाही. काट्यावरचा तिसरा आकडा अजून हलत होता तोवर ती वाटीतून उडी मारून ओट्यावर गेली. मी धरून परत ठेवली, ती परत उतरली. तिसऱ्यांदा वाटीच कलंडली आणि ओट्याखाली घरंगळत गेली. तिच्यामागे ती गेली.