प्रवेशानंतरचा उन्हाळा

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी समुपदेशक आहे. बारावीच्या मुलांचं शेवटचं वर्ष नीट पार पडावं आणि त्यांचे कॉलेजचे अर्ज वेळेत जावेत, हे माझं काम. सप्टेंबरात शाळा उघडली की लगेच १ नोव्हेंबर दिसू लागतो. लवकर अर्ज करणाऱ्यांसाठी बऱ्याच कॉलेजांची ती शेवटची तारीख. नियमित अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, आणि बहुतेक कॉलेजांना मुलांचा होकार हवा असतो १ मेपर्यंत. शालेय समुपदेशकांच्या इथल्या राष्ट्रीय संघटनेचं म्हणणं, एकाकडे २५० विद्यार्थी असावेत. देशाची सरासरी अजून साडेतीनशेच्या वर आहे. ऑक्टोबरमध्ये माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर कायम कोणीतरी बसलेलं असतं, ते त्यामुळे.

मी सातारची. आमच्या वेळी बारावीच्या मार्कांनी सगळं ठरायचं, आणि आजही तिकडे मार्क, सीईटी आणि कॅप राऊंड यांच्याभोवतीच घर फिरत असतं. इथेही मार्क लागतातच, पण शिवाय सतरा वर्षांच्या मुलाला आपण कोण आहोत हे परक्या माणसाला सांगावं लागतं. १९७५ साली पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून एक सामाईक अर्ज सुरू केला. आज हजाराहून अधिक कॉलेजं तो स्वीकारतात. त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांचा एक निबंध असतो, आणि वर्गाबाहेर काय करता हे सांगायला दहा जागा. प्रत्येक जागेत वर्णनासाठी १५० अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून.

या दहा जागांपाशी मुलं अडतात. गेल्या वर्षीचा एक मुलगा पान कोरं ठेवून बसला होता. "मिस, मी काहीच करत नाही," म्हणाला. खेळ नाही, वाद्य नाही, वादविवादाचा संघ नाही. मग मी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस विचारला. अडीच वाजता तो धाकट्या दोन भावंडांना त्यांच्या शाळेतून आणतो. त्यांना जेवायला घालतो, अभ्यास घेतो. आई रात्रपाळीला निघते तेव्हा घर त्याच्या ताब्यात असतं. शनिवार-रविवार तो सुपरमार्केटमध्ये माल लावतो आणि त्या पगारातून घरच्या फोनचं बिल भरतो. अर्जातल्या यादीत घरच्या जबाबदारीसाठी वेगळा प्रकार आहे, पगारी कामासाठीही आहे. त्याला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून त्या ओळी भरल्या, आणि सगळ्यात वर त्याची भावंडं आली. त्या दिवशी तो खोलीतून निघाला तेव्हा ताठ चालत होता. मला या नोकरीतलं हे काम फार प्रिय आहे.

आमच्या भागात मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. गणपतीत, दिवाळीच्या फराळाला भेटी होतात आणि बोलणं निबंधावर येतं. "ताई, तुम्ही एकदा बघून द्या ना, जरा भाषा सुधारून," असं आई म्हणते, तेव्हा तिची काळजी मला समजते. काही घरांत त्यासाठी भरपूर पैसे घेणारा खासगी सल्लागारही असतो. मी वाचते, प्रश्न विचारते, वाक्य मात्र बदलून देत नाही. मोठ्या माणसाचं वाक्य मुलाच्या लिखाणात लगेच ओळखू येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्याला काय वाटतं ते स्वतःच्या शब्दांत मांडायची संधी या मुलांना पहिल्यांदाच मिळते आहे. ती आपण काढून घेऊ नये. या घरांतली मुलं कुठे ना कुठे चांगल्या कॉलेजात जाणार आहेत. कागद वाचणारं, तारीख लक्षात ठेवणारं, बिल भरणारं कोणीतरी त्यांच्या घरात आहे.

माझा जीव अडकतो तो ज्यांच्या घरात असं कोणी नाही त्यांच्यात.

त्यांचा खरा कस पैशाच्या अर्जापाशी लागतो. सरकारी आर्थिक मदतीसाठी फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यात आईवडिलांच्या मिळकतीची माहिती लागते, पालकांचं वेगळं खातं लागतं, त्यांची सही लागते. एरवी तो १ ऑक्टोबरला खुला होतो. २०२३ मध्ये मात्र सरकारनं सोपा केलेला नवा अर्ज डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, तोही अडखळत. ज्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नव्हता त्यांच्या मुलांना तो कित्येक आठवडे पुरा करता येईना. कॉलेजांकडे माहिती मार्चमध्ये पोचू लागली. पुष्कळ कॉलेजांनी १ मेची तारीख पुढे ढकलली. त्या वसंतात हातात प्रवेशपत्र असलेली मुलं माझ्यासमोर बसत आणि फी किती पडणार हे आम्हाला कोणालाच सांगता येत नसे. जिथे फी आधीच परवडत होती, तिथल्या मुलांनी होकार कळवून टाकले होते.

मदतीचं पत्र आलं तरी ते वाचता यावं लागतं. अनुदान, शिष्यवृत्ती, कॉलेजातली नोकरी आणि कर्ज हे सगळं पुष्कळ पत्रांत एकाच रकान्यात, एकाखाली एक छापलेलं असतं. खाली मोठी बेरीज. घरातले लोक ती बेरीज बघून आनंदानं रडतात. मग मी पेन घेऊन त्यातलं कर्ज कंसात टाकते आणि उरलेला आकडा पुन्हा लिहिते. ते करताना खोलीत जी शांतता होते ती सहन करणं सोपं नसतं, पण हा आकडा एप्रिलमध्येच कळलेला बरा.

जूनमध्ये पदवीदानाचा समारंभ होतो. फुटबॉलच्या मैदानावर खुर्च्या मांडतात, बँड एल्गारची ती प्रसिद्ध धून वाजवतो, झगे घातलेली मुलं टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे करतात. कुठल्या कुठल्या देशांतून आजीआजोबा आलेले असतात. हा दिवस त्या मुलांनी कमावलेला असतो आणि मी दरवर्षी तिथे मनापासून टाळ्या वाजवते. पण त्याच आठवड्यात शाळा बंद होते. माझ्यासारख्या बऱ्याच समुपदेशकांचा करार दहा महिन्यांचा असतो. कॉलेज अजून सुरू झालेलं नसतं. जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत ते मूल कोणाचंच नसतं.

आणि सगळे कागद याच दोन महिन्यांत येतात. शाळेची अंतिम गुणपत्रिका पाठवायची. लशींच्या नोंदी डॉक्टरकडून भरून आणायच्या. वसतिगृहाची अनामत भरायची. गणिताची पातळी ठरवणारी परीक्षा द्यायची. ओळखवर्गाला नाव नोंदवायचं, आणि त्याचे पैसे वेगळे. सरकारी कर्ज घेणार असाल तर ऑनलाइन माहिती वाचून वचनपत्रावर सही करायची. काही कॉलेजांत, आपल्याला आधीच आरोग्यविमा आहे हे मुदतीत कळवलं नाही तर कॉलेजच्या विम्याची रक्कम बिलात लागते, आणि ती हजारांत असते. या सगळ्याची पत्रं कॉलेजनं दिलेल्या नव्या ईमेलवर येतात. ते मुलानं कधी उघडलेलंच नसतं, कारण ते उघडायचं असतं हेच त्याला माहीत नसतं.

बेन कासलमन आणि लिंडसे पेज या दोन अभ्यासकांनी या उन्हाळ्यावर बरीच वर्षं काम केलं. २०१४ साली त्यांचं पुस्तकही आलं. प्रवेश घेतलेल्या, जायचं ठरवलेल्या मुलांपैकी दहा ते वीस टक्के मुलं शरद ऋतूत कॉलेजात दिसतच नाहीत, गरीब वस्त्यांमध्ये त्याहून जास्त, हे त्यांनी दाखवून दिलं. मुलांना वेळोवेळी फोनवर आठवणीचे संदेश पाठवून पाहिले, तेव्हा काही शहरांत चांगला फरक पडला. पुढे असेच संदेश देशभर लाखो मुलांना पाठवले गेले, तेव्हा फरक जवळजवळ पडलाच नाही. यावर अभ्यासक आपापली कारणं देतात. माझं मत असं, की अनोळखी नंबरवरून आलेलं वाक्य मूल पुसून टाकतं. ज्या माणसानं एप्रिलमध्ये शेजारी बसून आकडे लिहिले होते, त्याचा निरोप ते वाचतं.

माझ्याकडची एक मुलगी अशाच एका उन्हाळ्यात निसटली. वडील इक्वेडोरहून आलेले, बांधकामावर कामाला, आई घरकाम करणारी. मुलगी हुशार, तिला नर्स व्हायचं होतं आणि राज्याच्याच एका कॉलेजात प्रवेशही मिळाला होता. सप्टेंबरात ती मला दुकानात गल्ल्यावर भेटली. बिलात एक मोठी रक्कम आली होती, ती कशाची हे घरात कोणाला कळलं नाही. वडील म्हणाले, आपल्याला परवडायचं नाही. विषय संपला. ती रक्कम विम्याची होती. मुलीला वडिलांच्या कामावरचा विमा होता, एक फॉर्म भरला असता तर ती रक्कम बिलातून निघून गेली असती. त्या कॉलेजच्या बिलात त्या ओळीसमोर एक सांकेतिक क्रमांक होता, स्पष्टीकरण नव्हतं. पुढच्या जानेवारीत ती कम्युनिटी कॉलेजात गेली आणि आता तिचं बरं चाललं आहे. पण त्या मुलीच्या आयुष्याची दिशा एका न समजलेल्या ओळीनं वळावी, याचा मला आजही संताप येतो.

यावरचा उपाय न्यू जर्सीत जुनाच आहे. १९६७ च्या जुलैमध्ये नेवार्क शहर दंगलीत पेटलं, २६ माणसं मेली. त्यानंतर १९६८ साली राज्यानं गरीब आणि उपेक्षित घरांतल्या मुलांसाठी शैक्षणिक संधी निधी उभा केला. इथे सगळे त्याला ईओएफ म्हणतात. त्यातून पैसे मिळतातच. पण बहुतेक कॉलेजांत ही मुलं पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यातच कॉलेजात येतात, काही आठवडे तिथे शिकतात, बहुतेक ठिकाणी तिथेच राहतातही, आणि त्यांना नावानं ओळखणारा समुपदेशक पुढेही त्यांच्यासोबत असतो. म्हणजे तो कोणाचाच नसलेला उन्हाळा ईओएफनं आपल्या ताब्यात घेतला. ज्यांनी हे आखलं त्यांना गरिबी आतून माहीत असावी असं मला वाटतं.

मला हे चटकन कळलं त्याचं कारण सातारा. माझे आजोबा रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. मुलगा खेड्यातून आला, शाळेत नाव घातलं, तरी रात्री झोपणार कुठे आणि भाकरी कुठून येणार, हे भाऊरावांनी आधी पाहिलं. ती भाकरी चालू राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजोबा शाळेविषयी फारसं बोलत नसत. वसतिगृहाविषयी, तिथल्या पंगतीविषयी मात्र तासन्‌तास बोलत.

ईओएफच्या जागा मर्यादित आहेत आणि माझी सगळी मुलं त्यात बसत नाहीत. म्हणून मे महिन्यात मी प्रत्येक मुलासोबत बसून कॉलेजचं ईमेल माझ्यासमोर उघडायला लावते, ऑगस्टपर्यंतच्या तारखा त्याच्या फोनमध्ये घालते, आणि त्या कॉलेजच्या मदत कार्यालयात निदान एकदा त्यालाच फोन करायला सांगते, मी शेजारी असताना. शाळेनं समुपदेशकांना जुलैतले काही आठवडे पगार देऊन बोलवावं, असा अर्ज मी शिक्षण मंडळाकडे केला आहे. त्यावर अजून निर्णय व्हायचा आहे.

तोवर मी आमच्या मराठी मंडळातल्या माणसांना विचारते आहे. आपल्यात हिशेब जाणणारे आहेत, विमा कंपन्यांत काम करणारे आहेत, स्वतःच्या मुलांसाठी हे सगळे फॉर्म नुकतेच भरलेले आईवडील आहेत. एका उन्हाळ्यासाठी एक मूल घ्यायचं. आठवड्यातून एकदा फोन करायचा, बिल आलं की एकत्र बघायचं, विम्याचा फॉर्म मुदतीआधी गेला का ते विचारायचं, आणि ऑगस्टच्या शेवटी जमलं तर वसतिगृहाच्या दारापर्यंत गाडीनं सोडायचं. गेल्या महिन्यात तिघांनी नावं दिली आहेत. त्यातल्या एक काकू निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी लशींच्या कागदांची सगळी जबाबदारी घेतली आहे.