एका दिवाणखान्याची रोजनिशी

एका घरात एकाच शैलीचे राज्य असावे, असा जो दंडक सजावटीच्या मासिकांनी जारी केला आहे, तो आमच्या बदलापूरच्या दिवाणखान्यास मंजूर नाही. आजोळाहून आलेल्या, पितळी कड्यांच्या सागवानी झोपाळ्यावर आज मी रल्ली पसरली. रल्ली म्हणजे जुन्या कापडांचे तुकडे जोडून शिवलेली सिंधी गोधडी. तांबडा, काळा, हळदी असे परस्परांशी भांडणारे रंग तीत शेजारी नांदतात, आणि तरीही ते डोळ्यांस खुपत नाहीत, कारण प्रत्येक आकृती नियमित अंतराने परतते व टाक्यांच्या समांतर ओळी साऱ्यांना एका शिस्तीत बांधतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आश्रयास आलेल्या ज्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, त्यांच्या घरांतही झोपाळ्याचा असाच मान. म्हणून ही रल्ली येथे परकी वाटत नाही.

संकराची ही परंपरा या मुलखास नवी नाही. अंबरनाथचे शिवालय, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ (इ. स. १०६०) चा उल्लेख आहे, माळव्यात बहरलेल्या भूमिज शैलीचे, परंतु पाषाण येथलाच, काळा, आणि आश्रय कोकणच्या शिलाहारांचा. शुद्धतेचे आग्रही तेथे काय आक्षेप घेतील?

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला सोनेरी मुलाम्याचा सोफा मात्र मी साफ नामंजूर केला होता. घरातील बहुमताने तो दाखल झालाच. आता त्यावर इरकली लुगड्याची खोळ चढविण्याची तजवीज चालू आहे.