आधी पिसू, मग उंदीर

उंदीर दिसला की मारायचा, यात विचार करण्यासारखं काही असतं असं मला बरीच वर्षं वाटलं नाही. प्लेगच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी घरात उंदीर हाच आरोपी. खेड्यातली रोगराई हटवायची तर झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाका, बिळं बुजवा, विषय संपला, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. आता सांगत नाही.

मत हललं ते बीड जिल्ह्यातल्या मामला गावाची हकीकत वाचल्यावर. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि धास्तीने आसपासच्या भागातही लोक घराबाहेर राहू लागले. धान्य मात्र आतच राहिलं, त्यावर उंदीर माजले, असं मानलं जातं. 1994 च्या पावसाळ्यात ते मरून पडू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले, आणि गाठीचा ताप आला तो त्यानंतर. पुढे सुरतेतल्या प्लेगच्या बातम्यांनी मामला झाकून टाकलं. मी मात्र तिथेच अडकलो, कारण उंदीर मेल्यावर गावाची खरी पंचाईत सुरू झाली होती.

मेलेल्या उंदराचं अंग गार पडलं की पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. प्लेगचे जिवाणू पिसूच्या अन्नमार्गात वाढून तो तुंबवतात. रक्त पोटात उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेलं रक्त जिवाणूंसकट जखमेत उलटतं. अशा वेळी विष घालून एकदम ढीगभर उंदीर मारायचे म्हणजे या उपाशी पिसवा माणसांवर सोडायच्या. संशोधक पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून पिसूकडे बोट दाखवलं होतं. बड्या वैद्यकमंडळींनी कित्येक वर्षं ते मनावर घेतलं नाही, तिथे माझी काय कथा!

उंदीर पडले की घरदार सोडून माळावर झोपड्या घालणारी जुनी माणसं मला भित्री वाटायची. पिसवांपासून लांब जाण्याचा तेवढाच उपाय त्यांच्या हातात होता, हे आता कळतं.

पण धोक्याची खूण म्हणून पडलेल्या उंदरांवर भरवसा ठेवावा तर म्युरिन टायफस हा तापही आहे. तोही पिसवांमुळेच होतो, पण त्यात उंदीर मरत नाही. चावलेल्या जागी खाजवलं की पिसूची विष्ठा त्वचेत शिरते. ताप, डोकेदुखी, कधी पुरळ, आणि दवाखान्यात ‘व्हायरल’ म्हणून बोळवण. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध त्यावर लागू पडतं, पण डॉक्टरांना शंका तर यायला हवी.

आमच्या शेतावरच्या घरात मी आता आधी भिंतीच्या भेगांत आणि बिळांच्या तोंडाशी पिसवांसाठी भुकटी मारायला सांगतो, सापळे त्यानंतर. थोरल्या भावाला हा क्रम अजिबात पटलेला नाही. “ज्वारी उंदीर खातो, पिसू नाही,” असं तो म्हणतो, आणि कणगीची अवस्था पाहिली की मला गप्प बसावं लागतं.