निखाऱ्यावरचा हात

दिवाळीच्या सुमारास माझ्या उजव्या तळहाताने काम सोडलं. म्हणजे तो हलतो, सुरी धरतो, घास तोंडापर्यंत नेतो. पण निखाऱ्यावर धरला की काही सांगत नाही. आधी पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या, आता हाताला. साखर आहे, नसांवर गेलीय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या घेतो, भात कमी केलाय, संध्याकाळी सावित्री नदीच्या बाजूने चालून येतो. पण जन्मभर ज्याने शिगडीची आच तळहाताने मोजली त्याने यापुढे ती कशाने मोजायची, हा प्रश्न डॉक्टरांच्या खात्यात येत नाही.

पोलादपूरला रस्ता फुटतो. मुंबईहून सरळ गेलात की कशेडी, डावीकडे वळलात की आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. या फाट्याच्या आसपास माझं हॉटेल आहे. आठवडाभर मटण-भाकरी, कोंबडी, मासे. शनिवारी मागच्या पडवीत पोर्कच्या फासळ्या. कशेडीचा बोगदा झाल्यापासून ‘घाट चढायच्या आधी खाऊन घेऊ’ म्हणणारे कमी झाले. शनिवारची गर्दी मात्र टिकून आहे, कारण ती फासळ्यांसाठी मुद्दाम वाट वाकडी करून येते. पाटीवर ‘थाई’ लिहिलंय. मी थायलंड पाहिलेलं नाही. कोणी विचारलं तर ‘शिकून आलोय’ एवढंच म्हणतो. ते खोटं नाही, पण ऐकणारा जे समजतो ते खरं नाही आणि मी त्याला दुरुस्त करत नाही.

शिकलो मुंबईत. 1993 साली कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात थाई पॅव्हेलियन उघडलं, शेफ आनंदा सॉलोमन यांचं नाव झालं, आणि मी ज्या हॉटेलच्या किचनमध्ये होतो तिथल्या मालकालाही आपल्याकडे काहीतरी थाई हवं असं वाटू लागलं. बँकॉककडच्या एक बाई थोड्या दिवसांसाठी आल्या. भाषेचा पत्ता नाही, दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं. कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी एकत्र कुटणं त्यांनी शिकवलं. तोवर मुळं आम्ही कचऱ्यात टाकायचो. गवती चहाच्या दांड्याचं बूड ठेचून त्याची कुंचली करायची आणि तिने नारळाचं दूध फासायचं, हेही त्यांचंच. आमच्याकडे गवती चहा परसात नुसता माजतो आणि फक्त चहात जातो, याचं त्यांना फार हसू यायचं. आच बघायला त्याही हातच धरायच्या, निबर, तपकिरी, कडेला जुन्या भाजल्याचे डाग असलेला.

बाकी फासळीचा पडदा काढणं, आदल्या रात्री मीठ चोळणं, पाठीकडची की पोटाकडची, हे सांगत बसत नाही. जे हे काम करतात त्यांना ठाऊक आहे आणि जे करत नाहीत ते एवढ्याने करणार नाहीत. माझं डोकं खाणारी गोष्ट एकच आहे: मांसाला वेळ हवा असतो आणि गुळाला तो सोसत नाही.

हाडाला धरून असलेला चिवट भाग 70 अंशांच्या पुढे कुठे हळूहळू विरघळू लागतो. आतलं मांस 90 च्या वर जाऊन तिथे काही वेळ थांबलं, तर हाड मोकळं होतं. त्यासाठी तीन-साडेतीन तास मंद आच. इकडे साखर 160 अंशांच्या आसपास रंग धरते आणि तिथून करपायला तिला फार वेळ लागत नाही. गूळ त्याहून नाजूक, कारण त्यात थोडं फ्रुक्टोजही असतं आणि ते 110 च्या आसपासच रंग बदलू लागतं. त्यात चरबीचा एक थेंब निखाऱ्यावर पडून भपका उठला, की वरच्या थराचं काय झालं ते कळायच्या आत झालेलं असतं.

गूळ शेवटी लावा, असं सगळे सांगतात. लावून बघा. तो वर बसतो, आत जात नाही. खाणाऱ्याला आधी चिक्की लागते आणि मग मांस. गूळ आधीच मसाल्यात घातला तर चव मुरते, पण दुसऱ्या तासाला कडा काळ्या पडतात आणि तो कडवटपणा आमसुलाच्या आगळानेही मरत नाही. मधली वाट नारळाच्या दुधाची. दूध फासत राहायचं. त्यात पाणी आहे तोवर मांसाचा वरचा थर 100 च्या फारसा पुढे जात नाही, त्यामुळे मुरलेला थोडा गूळ तग धरतो. मग एक वेळ अशी येते की दुधातलं पाणी संपून तेल सुटतं. मांसावर मोहरीएवढे बुडबुडे असतात, ते फुटायचे थांबतात, आणि ओलसर दिसणारी फासळी तेलकट दिसू लागते. उरलेला गूळ तेव्हा लावायचा. आधी लावला तर दुधात वाहून जातो, उशीर झाला तर मांस कोरडं पडून तो धरत नाही.

आणि नेमक्या त्या वेळी निखारा कसा पाहिजे? वर राखेचा पातळ थर, आत लाल. जाळीच्या वर एक वीत हात धरून सावकाश आठ मोजता आले पाहिजेत. पाचाला हात ओढून घ्यावा लागला तर गूळ करपणार. बारापर्यंत पोचलात तर तो नुसता चिकट राहणार, काचेसारखा तडकणार नाही. मी हे इतक्या वर्षांत कोणाला लिहून दिलं नाही, कारण आठ म्हणजे माझे आठ. दुसऱ्याचा हात वेगळा.

आता मी वीस मोजतो, तीस मोजतो. हात गप्प.

मुलीने पुण्याहून थर्मामीटर आणून दिला, लांब सळईचा, आकडे दाखवणारा. मांसाच्या आतलं तापमान तो चोख सांगतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझा प्रश्न मांसाच्या आतला नव्हताच कधी. तो निखारा आणि फासळीच्या मधल्या चार बोटं हवेचा आहे. आणि खरं सांगायचं तर तसा आकडा सांगणारं यंत्र मिळालं असतं तरी मी ते गिऱ्हाइकांसमोर काढलं नसतं. शनिवारी लोक पडवीत येऊन उभे राहतात, मोबाइल काढतात आणि मी निखाऱ्यावर हात धरलेला व्हिडिओ घेतात. ‘बघा, काका कसं मोजतात!’ पूर्वी गरजेपेक्षा दोन अंक जास्तच धरायचो. आता त्या हाताला काही कळत नाही, तरी मोबाइल वर झाला की मी धरतोच. परवा बोटाच्या पेरावर फोड आला होता, तो मला रात्री जेवताना दिसला.

आजूबाजूला हल्ली बार्बेक्यूच्या पाट्या बऱ्याच लागल्यात. त्यातल्या कित्येकांची कोंबडी तंदुरीच्या लाल रंगात बुडवलेली असते आणि वरून बाटलीतला गोड मिरचीचा सॉस ओतला की ती थाई होते. कोळसा कसला आहे हे त्यांना विचारून उपयोग नाही. पोत्यातून वेड्या बाभळीचा येतो, ते तो पेटवतात. मलाही तोच घ्यावा लागतो. ऐन-किंजळाचा कोळसा आता कुठला मिळायला! मी त्यात करवंट्यांचा कोळसा मिसळतो. तो धूर कमी करतो पण भडकतो चटकन, म्हणून शेवटच्या तासात घालत नाही. मडक्यात भाजायच्या पोपटीचंही तेच झालंय. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ एवढ्यावर जी व्हायची तिच्यात आता तयार चिकन मसाला पडतो आणि अलिबागच्या फार्महाऊसवर माणशी दर लागतो. मडकं भाजलं की नाही ते बघायला वर पाण्याचे शिंतोडे मारायचे, चर्र होऊन लगेच सुकले की झालं. एवढी साधी खूण असताना लोक मोबाइलवर गजर लावून बसलेले मी बघितलेत.

आणि दर शनिवारी एक तरी माणूस गल्ल्याशी वाकून हळूच विचारतो, ‘रानाचं आहे का?’ रानाचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने रानडुकराची विनापरवाना शिकार गुन्हा आहे, आणि डोंगरातल्या नाचणीचा सत्यानाश करणारं ते जनावर बघून माझ्याही हाताला खाज सुटते हा भाग वेगळा. माझा माल मुंबईहून बर्फात येतो, पाळीव. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. रानडुक्कर म्हटलं की आमच्या लोकांची छाती फुगते, पाळीव म्हटलं की नाक मुरडतं. जनावर तेच, फरक ते आजवर कोणाच्या वस्तीत शिजत आलं एवढाच. इथून जवळ महाडात 20 मार्च 1927 ला दलितांना चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला. पाणी सुटलं, ताटं अजून सुटायची आहेत. माझ्याही घरात पोर्कची भांडी आत जात नाहीत. शिगडी पडवीत आहे ती धुरामुळे, असं मी लोकांना सांगतो.

पडवीत आता माझ्याबरोबर एक पोरगा असतो, कातकरी वाडीवरचा. भांडी घासायला आला होता. त्याच्या घरचे दिवाळी झाली की उचल घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर जायचे ते पावसाच्या तोंडाला परत. लहानपण त्याचं तिथेच गेलं. एकदा विचारलं, ‘भट्टीवर काय शिकलास?’ म्हणाला, ‘धूर खायला.’ त्यानंतर मी त्या विषयात गोडवा शोधला नाही.

पण धूर त्याला वाचता येतो. भट्टीत लाकडं रचून वर गवत-माती लिंपतात. आधी दाट पांढरा धूर, म्हणजे लाकडातलं पाणी जातंय. मग तो पातळ, निळसर होत जातो तेव्हा कोळसा झाला, भोकं बुजवायची. ही वेळ चुकली तर सगळी राख आणि उचल अंगावर. हा पोरगा शिगडीवर हात धरतच नाही. बाजूला उकिडवा बसतो आणि उजेडाकडे तोंड करून धूर बघतो. पहिल्यांदा मी गूळ हातात घेऊन बुडबुडे बघत होतो तेव्हा म्हणाला, ‘आता नको काका, अजून पाणी जातंय.’ मी थांबलो. थोड्या वेळाने बोलला, ‘आता.’ मी जाळीवर वाकून बघितलं तर बुडबुडे थांबलेले. वाफ मिसळलेला पांढरा धूर गेला होता, चरबीचा पातळ निळा तेवढा उरला होता. इतकी वर्षं तो माझ्या डोळ्यांत गेला आणि मी डोळे पुसून पुन्हा हात मोजत बसलो.

आच जास्त आहे की कमी हेही तो धुरावरूनच सांगतो, पण ते मला अजून दिसत नाही. त्याला विचारलं तर ‘दिसतंय की’ म्हणतो. माझे आठ मी त्याला देऊ शकलो नाही, त्याचं हे मला घेता येत नाही. त्याचा निखारा माझ्यापेक्षा थोडा मंद असतो. माझ्या मते गूळ अजून जरा कडक व्हायला हवा, कडा थोड्या तडकायला हव्यात. गिऱ्हाइकांना तसं वाटत नाही. महाडचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, वर्षानुवर्षं येतात. ते मागच्या महिन्यात हाड चोखत म्हणाले, ‘आज हात जमलाय तुमचा.’ त्या दिवशी मी सकाळपासून फक्त कांदा चिरला होता आणि भाजलेला तांदूळ कुटला होता. मी म्हटलं, ‘हो, आज जमलाय.’

पोरगा मागे जाळी घासत होता. त्याने ऐकलं की नाही ठाऊक नाही. पगार वाढवलाय त्याचा, पण पाटीवर फोटो माझाच आहे.

तेव्हा शनिवारी याल तर बारानंतर या, अडीचच्या आत या. त्यानंतर फासळ्या उरत नाहीत. रानाचं मागू नका. आवडल्या तर पडवीत शिगडीजवळ जाऊन त्या पोराला सांगा. गल्ल्यावर सांगितलंत तर ते मी ठेवून घेईन.