दवाखान्यात जाच, पण हे विचारा

हे लिहू की नको, यात तीन महिने गेले. आपल्या जव्हार-मोखाड्यात माणसाला भगताकडून दवाखान्यापर्यंत आणताना आशाताईंच्या नाकीनऊ येतात. त्यात मी ‘दवाखान्यात जंतू लागतात’ असं लिहिलं, तर उद्या कोणीतरी म्हणेल, बघा, पत्रकारानेच सांगितलंय! पण लपवून तरी काय होणार?

आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तोरंगण घाटातून नाशिकच्या एका रुग्णालयात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. लघवीची नळी मात्र राहिली होती. सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप. कल्चर रिपोर्टमध्ये जीवाणूचं नाव होतं क्लेब्सिएला, आणि खाली एकेका औषधापुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’. आर म्हणजे रेझिस्टंट. औषधाला जंतू दाद देत नाही. शेवटी एक महागडं इंजेक्शन लागू पडलं. आईच्या पाटल्या गहाण गेल्या.

मला राग आला होता. मग आठवलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांसोबत कोणी नव्हतं. त्यांची लघवीची पिशवी मीच रिकामी करायचो आणि हात न धुता येऊन आईचं पांघरूण, नळी सारखी करायचो. जंतू कुणाच्या हाताने आला, कोण सांगणार? माझ्याही असेल.

हे आजचं नाही. २००९ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारे २४ जीवाणू तपासले. त्यातल्या २२ मध्ये ‘एनडीएम-१’ सापडलं. हा गुण एक जीवाणू दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. त्या डॉक्टरांनी ते लपवलं नाही, मार्च २०१० मध्ये छापलं. २०१९ या एका वर्षात जगात अशा जंतूंमुळे अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं गेली.

आणि आपण? थंडीताप आला की मेडिकलमधून दोन अँटिबायोटिक गोळ्या, बरं वाटलं की बंद. १ मार्च २०१४ पासून यातली कितीतरी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची, असा नियम आहे.

म्हणून मित्रांनो, पेशंटसोबत राहाल तेव्हा:
– पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. डॉक्टर-सिस्टरांनाही नम्रपणे आठवण करा.
– “नळी, सलाईनची सुई अजून लागते का?” हे रोज विचारा.
– कल्चर रिपोर्टची प्रत डिस्चार्ज कार्डासोबत घ्या. पुढच्या दवाखान्यात आधी तीच दाखवा.

आपल्या कुटीर आणि ग्रामीण रुग्णालयांत प्रत्येक वॉर्डात वाहता नळ आणि साबण हवा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत हा विषय निघालाच पाहिजे. सदस्यांनो, वाचताय ना?

आई आता काठी घेऊन चालते. दवाखान्यात नेलं नसतं तर अंथरुणालाच खिळली असती. तेव्हा हे वाचून कोणी भगताकडे परत फिरू नका. दवाखान्यात जाच. फक्त हात धुऊन जा, आणि विचारायला लाजू नका.