बिबड्यांचा हिशेब

पिंप्राळा, जळगाव, १८ एप्रिल २०२५
समोरच्या वहिनींना यंदा बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, विकायचेत. किलोचा भाव काढताना त्यांनी ज्वारी, तीळ, लसूण-मिरची आणि गॅस धरला. ज्वारी तीन दिवस भिजवणं, दळणं, पहाटे घाटा शिजवणं, गच्चीवर थापणं, दिवसभर राखण... हे कुठंच नाही. म्हणाल्या, "घरचेच कष्ट, त्याचे काय पैसे?" बायकांचे चांगले चाललेले धंदे इथंच बसतात. मागणी वाढली की हाताखाली बाई लागते, आणि तिची मजुरी भावात कधी धरलेलीच नसते. मी म्हटलं, रोजाने बाई लावली तर जे द्याल, ते आधी स्वतःच्या नावावर लिहा. मगच भाव सांगा.

२१ एप्रिल
उद्यम नोंदणी मोबाइलवर झाली. ती फुकट असते. कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. खाद्य व्यवसायाची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. बँकेत वेगळं खातंही उघडलं. किराण्याचे आणि धंद्याचे पैसे एका डब्यात असले की नफा दिसतच नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
गल्लीत माहेरवाशिणी आल्यात. पुण्या-सुरतेच्या फ्लॅटमध्ये बिबडे घालायला गच्ची कुठली? खरं गिऱ्हाईक याच. अर्ध्या किलोची पाकिटं पटापट गेली. नात्यातली उधारी मात्र त्याच दिवशी वहीत लिहायला लावली.

१२ मे
आभाळ आलं, सगळा माल आत ओढला. वहिनींना आता यंत्र हवंय. मला इथले उद्योजक भवरलाल जैन आठवले. त्यांनी १९६३ साली ७ हजारांवर जळगावात रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद कारखाना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढलं. म्हणून म्हणते, नवं घेण्याआधी कुठं बंद पडलेलं यंत्र आहे का ते पाहावं. आणि घ्यायचंच तर वाळवणयंत्र, कारण अडतं ते उन्हापाशी. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं. पण ते कर्जाला जोडलेलं. एक हंगाम विकून पाहिल्याशिवाय कर्ज काढू नये.

६ जुलै, आषाढी
पिंप्राळ्यात आषाढीला निघणाऱ्या रथाच्या गर्दीतून वाट काढत वहिनी वही घेऊन आल्या. स्वतःची मजुरी वजा करूनही शिल्लक उरलीय. ती तशीच खात्यात ठेवायची आणि नवी दादर ज्वारी निघाली की ती रोखीनं भरायची, असं ठरलं.