भिंतीतले भोक

ज्या देशाचे सुलतान काबूस स्वतः हौशी रेडिओचालक होते व ‘ए४१एए’ हे संकेतनाम बाळगून होते, आणि जिथे १९७२ पासून या छंदाची एक शाही संस्था नांदत आहे, त्या ओमानमध्ये परवानाधारकाचे सारे चित्त उंच अँटेनाकडे लागावे हे स्वाभाविकच आहे. परंतु या विद्येची खरी कसोटी गच्चीवर लागत नसून, केबल जिथून घरात शिरते त्या वीतभर भिंतीपाशी लागते, असे माझे ठाम मत आहे.

खिडकीच्या फटीत चेपलेली केबल आतून बिघडते. म्हणून घरमालकाची रीतसर परवानगी घेऊन भिंतीला भोक पाडावे, ते बाहेरच्या अंगाला किंचित उतरते असावे, आणि केबल भोकाच्या खालपर्यंत झोल देऊन मगच वर आत न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. इथे पाऊस तो कितीसा, असे म्हणणाऱ्यांनी जून २००७ मधले गोनू वादळ आठवावे. शिवाय मस्कतच्या किनाऱ्यावरची खारट, दमट हवा पाऊस नसतानाही जोडांना गंज चढवीत असतेच.

पाण्याप्रमाणेच आकाशातून पडणाऱ्या विजेचीही तजवीज हवी: भोकाशेजारी बाहेरून तांब्याचा जाड पत्रा, त्यावर प्रत्येक केबलीसाठी लाइटनिंग अरेस्टर, आणि तिथून जमिनीत ठोकलेल्या सळईपर्यंत रुंद तांब्याची पट्टी, तीही आखूड व सरळ, कारण विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत उसळतो आणि प्रत्येक वळण त्याला अडवते. ही सळई घराच्या मूळ अर्थिंगला जाड तारेने जोडलेलीच हवी. दोन अर्थिंगे अलग राहिली, तर जवळपास वीज पडताच त्यांच्यात हजारो व्होल्टांचे अंतर निर्माण होते आणि ते मिटवण्याची वाट आपल्या रेडिओतून जाते. इथली कोरडी, खडकाळ जमीन प्रवाह सहजी स्वीकारीत नाही, यास्तव एसीचे पाणी जिथे अहोरात्र ठिबकते ती ओली जागा मी सळईसाठी निवडली.

एवढा बंदोबस्त करूनही, वीज थेट अँटेनावर कोसळल्यास यंत्र वाचेलच याची हमी कोणी देऊ नये. उन्हाळ्यात दुपारी अल् हजरच्या डोंगरांवर ढग चढू लागले, की गडगडाट कानी पडण्याची वाट न पाहता, चाललेले संभाषण तिथेच आवरते घेऊन मी बाहेर जातो आणि पत्र्यावरच्या साऱ्या केबली सोडवून ठेवतो. पलीकडच्याला कारण सांगितले की तो आनंदाने निरोप देतो.